पाठमोरी खुर्ची

८ जुलै

मामा,

पाया पडते. पत्रातून पडलेलं चालत असेल तर.

इस्त्रीवाल्या काकांकरवी निरोप पाठवलास, की यापुढे फोन नको, पत्र लिही. म्हणून हे पत्र. हॉस्टेलमध्ये कुणाकडे पाकीट नव्हतं. पोस्ट कुठे आहे विचारलं तर मुली माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी काही मी कबूतर शोधायला निघालेय.

खरं सांगू? मला राग आलाय. त्या दिवशी फोनवर मी तुला जे विचारलं, त्यानंतरच तू फोन बंद केलास, एवढं मला कळतं. तू उत्तर दिलंस, मी ते मानलं. पुन्हा विचारणार नाही. मग बोलणंच कशाला तोडायचं? असो.

इकडे दुसरं वर्ष सुरू झालंय आणि नर्सिंगच्या पुस्तकांतून जरा मान वर निघालीय. आमच्या बाई आम्हा काही जणांना मागवाल्यांच्या वस्तीत घेऊन जातात. पत्र्याच्या शेडमध्ये कापडाचे माग दिवसभर खडखडत असतात. शेडच्या मागेच घरं. वस्तीत पाऊल टाकलं की आधी छातीत धडधड जाणवते, मग कळतं की ती आपली नाही, मागांची आहे. शहरात बाकी सगळं आहे, पण या गल्लीत साधा डॉक्टर यायला तयार नसतो. लोक दुखणी अंगावर काढतात.

आता मोठ्या हॉस्पिटलने एक कानाची खोली काढायचं ठरवलंय. तपासणी फुकट, कानाची यंत्रं फुकट. पण खोली एकच. ती बाजारपेठेच्या बाजूला काढायची की मागवस्तीत, हे आम्ही केलेल्या तपासणीवरून ठरणार. म्हणजे बघ, तुझ्या भाचीच्या हातात केवढं काम आलंय.

तपासणी सोपी आहे. माणसाच्या पाठीमागे उभं राहून हळूच शब्द कुजबुजायचे, त्याने ते परत म्हणायचे. पण बाईंनी वर्षभर आमच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकलीय. लोकांच्या समोर बसा, त्यांच्या उंचीला बसा, तोंडाकडे बघून बोला. आजोबांच्या वयाच्या माणसाच्या पाठीमागे उभं राहून कुजबुजायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. त्यामुळे आम्ही मुलामुलींनी ठरवलंय, समोर बसूनच करायचं. बाई त्या दिवशी नसणार, नाहीतर त्यांनीच शाबासकी दिली असती.

जेवतोस ना वेळेवर?

भिंगरी


१५ जुलै

भिंगरी,

पत्र मिळालं. रागावलीस ते बरं झालं, रागात तुझं अक्षर चांगलं येतं.

फोनचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. फोन कानाला लावला की माझं डोकं भणभणतं. पत्राचं तसं नाही. पिठाचे हात धुवावेत, निवांत बसावं, दोनदा वाचावं. तू जे विचारलंस त्याचं उत्तर पटलं तुला, हे वाचून बरं वाटलं. विषय संपला.

गिरणी जोरात आहे. मागच्या आठवड्यात दगडाला टाकी लावून खाचा पाडून घेतल्या, आता पीठ कसं रेशमासारखं पडतंय. पट्ट्याच्या आवाजात इथे कोण काय बोलतं हे मला पूर्वीही कळत नव्हतं. बाया लांबूनच बोटं चोळून दाखवतात, जाड की बारीक. बोटांवर सगळा धंदा चाललाय. समोरच्या भिंतीवर मोठा आरसा लावून घेतलाय. इस्त्रीवाला म्हणतो, म्हातारपणी नटायची हौस आली. म्हणू दे.

ती कानाची तपासणी करताना लोकांचा अपमान होणार नाही हे बघ. कान हा नाजूक विषय आहे. डोळ्याला चष्मा लागला की लोक विद्वान म्हणतात. कान गेला की वेड्यात काढतात.

जेवतो वेळेवर. तू जेव.

मामा


२ ऑगस्ट

मामा,

तपासणी झाली. ऐकून तुला आश्चर्य वाटेल, आम्हालाही वाटलं. मागवस्तीतल्या लोकांचे कान ठणठणीत निघाले. ‘पाणी’ म्हटलं की ‘पाणी’, ‘कपाट’ म्हटलं की ‘कपाट’. कांड्या भरणाऱ्या एक काकू आहेत, मागाला लागणारं सूत कांडीवर गुंडाळून देतात. अख्खं आयुष्य त्या शेडमध्ये गेलंय, पण एकही शब्द चुकला नाही. वर मलाच म्हणाल्या, ‘गुणाची पोर आहेस.’ बाजारपेठेतल्या निवृत्त कारकुनांनी मात्र आमची दमछाक केली. ‘काय? काय?’ करत कान पुढे.

एकट्या शिंकोबाचं वेगळंच निघालं. शिंकोबा म्हणजे आमच्या वर्गातला बारमाही सर्दीवाला. त्या दिवशीही नाकातोंडावर मास्क बांधून बसला होता. त्याच्या पुढ्यात वस्तीतले जे जे बसले ते जवळजवळ सगळे नापास. आम्ही खूप हसलो. म्हटलं, तुझी कुजबुज म्हणजे शेंबडाची गुरगुर, ती कुणाला कळणार? त्याचं काम धरलंच नाही.

म्हणजे खोली बाजारपेठेकडे जाणार. जिथे आधीच दोन दवाखाने आहेत तिथे तिसरा. जे निघालं ते निघालं, पण मला आनंद होत नाहीये, आणि का ते सांगता येत नाही. बाईही निकालाचे कागद पुन्हा पुन्हा चाळत होत्या. मागांच्या त्या आवाजात राहून सगळे ठणठणीत? तुला काय वाटतं? तूही आवाजातच आयुष्य काढलंस.

भिंगरी


९ ऑगस्ट

भिंगरी,

मला काय वाटायचंय? कानाला काही होत नाही. माणसाला सवय होते. लोक उगाच बाऊ करतात. तुम्ही शिकलेली मुलं, व्यवस्थित तपासणी केलीत, निकाल लागला. आता त्यात पुन्हा हात घालू नकोस.

इथे पावसाने ओढ दिलीय, ऊन फार आहे. इस्त्रीवाल्याची मुलगी सासरहून आलीय. गिरणी ठीक.

अभ्यास कर.

मामा


३० ऑगस्ट

मामा,

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की हात थांबायचा.

कांडीवाल्या काकूंना टेम्पोने उडवलं. सुताची पोती घेऊन टेम्पो गल्लीत मागे मागे येत होता. काकू पाठ करून वाकल्या होत्या, पोतं बांधत होत्या. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला, शेजारणी घसा फुटेपर्यंत ओरडल्या. काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. खुब्याचं हाड मोडलंय. पुन्हा उभ्या राहतील, पण कांड्यांवर बसता येईल असं डॉक्टरांना वाटत नाही.

मी वॉर्डात गेले तेव्हा डॉक्टर मास्क लावून विचारत होते, ‘दुखण्याची गोळी मिळाली ना?’ काकू हसल्या आणि मान हलवली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. काकूंच्या कपाळावर घाम होता, चादर मुठीत आवळलेली. मी माझा मास्क खाली ओढला आणि तेच विचारलं. काकू म्हणाल्या, ‘नाही गं, कालपासून काहीच दिलं नाही.’

मामा, तेव्हा कळलं.

त्यांना ऐकू येतच नाही. वस्तीत कुणालाच धड ऐकू येत नाही. मागांच्या आवाजात लहानपणापासून एकमेकांची तोंडं वाचत आलेत ते. आम्ही शहाण्यांनी समोर बसून, तोंडाकडे बघत, मोठ्या आदराने एक एक शब्द त्यांना वाचायला दिला. शिंकोबाचं तोंड तेवढं झाकलेलं होतं. खरं काम त्याचं एकट्याचं झालं आणि आम्ही त्याला हसलो.

मी काकूंना विचारलं, ‘तेव्हा सांगितलं का नाही?’ त्या म्हणाल्या, ‘तू समोर येऊन बसलीस. मला वाटलं, पोरीला माहीत आहे सगळं, मुद्दाम सोपं करून देतेय.’ म्हणून मला गुणाची म्हणाल्या होत्या.

बाईंपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी हॉस्पिटलला थांबवून धरलंय. तपासणी पुन्हा करायची, पाठीमागून. पण वस्तीत आता कुणी दारात उभं करत नाही. मुकादमाला हाक ऐकू न जाणारा माणूस नको असतो, दुसऱ्या दिवशी घरी बसवतो. म्हणून सगळे लपवतात. आम्ही खरं शोधायला गेलो तर त्यांची कामं जातील, आणि नाही शोधलं तर खोली जाईल आणि उद्या आणखी कुणीतरी टेम्पोखाली येईल. मला काही सुचत नाही.

आणि आता तुला विचारते. समोर बसून विचारता येत नाही म्हणून इथेच विचारते. मामा, गिरणीत आरसा कशाला लावलास?

भिंगरी


१४ सप्टेंबर

भिंगरी,

पत्रं लिहिली आणि फाडली. इस्त्रीवाला म्हणाला, कागदाचं पीठ पाडतोयस का.

आरसा दारात कोण आलं ते दिसावं म्हणून लावला. पट्टा बंद असला तरी मला पाठीमागचं कळत नाही. गेली काही वर्षं कळत नाही. आधी वाटायचं, गिरणीचा आवाज डोक्यात राहतो, रात्रीत जाईल. मग एकदा गिरणी बंद होती आणि लोकांची तोंडं नुसती हलत होती. तेव्हा समजलो.

तोंड दिसलं की माझं भागतं. तू सुट्टीत आलीस की मी दिवा लावून तुझ्या समोर बसायचो, तुला वाटायचं मामाला किती कौतुक. कौतुक होतंच, पण तोंडही बघायचं असायचं. फोनला तोंड नसतं गं.

त्या दिवशी तू फोनवर काहीतरी बोललीस. बराच वेळ बोललीस. मला वाटलं परीक्षेचं असेल. मी ‘छान, छान, मजेत राहा’ म्हणालो आणि ठेवला. मग रात्रभर वाटत राहिलं की काहीतरी चुकलं. तेव्हा फोन बंद केला. तू काय विचारलं होतंस ते मला आजही माहीत नाही. ‘उत्तर पटलं हे वाचून बरं वाटलं’ असं लिहिलं ते सोंग होतं.

का लपवलं म्हणशील. तुझी आई गेली तेव्हा तू माझ्या गुडघ्याएवढी होतीस, दगडाभोवती गरगर फिरायचीस म्हणून भिंगरी. तुला बाहेर पाठवलं ते शिकायला. मामाला ऐकू येत नाही कळलं असतं तर पुस्तकं गुंडाळून आली असतीस माझ्या पाठीमागे उभी राहायला. ते मला नको होतं.

ऑगस्टमध्ये तू मला विचारलंस, तुला काय वाटतं. मला माहीत होतं. कळूनही मी ‘काही होत नाही’ म्हणून लिहिलं, कारण त्यांचं खरं निघालं तर माझंही निघेल अशी भीती वाटली. त्यानंतर तुझ्या काकूंचं झालं. आधी लिहिलं असतं तर टेम्पो थांबला असता असं नाही, पण मला झोप लागत नाही.

आता ऐक. तुम्ही त्या लोकांची परीक्षा घेतलीत. परीक्षेत कोण नापास व्हायला बसेल? आधी कुणाला तरी सगळ्यांदेखत नापास होऊ दे. त्याला काही होत नाही हे दिसू दे. तुमच्याकडे असा कुणी नसेल तर मी आहे. मला तुझा मुकादम काय करणार?

माग बंद असतील असा दिवस कळव. गिरणी बंद ठेवून येतो. खुर्ची पाठमोरी ठेव.

मामा


३ ऑक्टोबर

मामा,

पोचलास हे इस्त्रीवाल्या काकांनी कळवलं. बसमध्ये कंडक्टरशी भांडलास हेही कळवलं.

त्या दिवशी तुझ्या पाठीमागे काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नाही. मी समोर बसून सांगणार होते. पण तू माझ्या ओठांकडे बघायला लागलास की मला रडू यायचं, आणि रडणारं तोंड तुला वाचता येत नाही. म्हणून लिहून पाठवते.

तू भिंतीकडे तोंड करून बसलास, फोटो काढायला बसल्यासारखा. अंगणाच्या पलीकडच्या कडेला वस्तीतले लोक ओळीने बसले होते, दमदाटी करायला मुकादमही आला होता. बाईंनी उठून सांगितलं की कुणाचं नाव लिहिणार नाही, कुणाला सांगणार नाही. लोकांचे चेहरे दगडासारखे होते. मग मी तुझ्या पाठीमागे, तोंड अर्धं अंगणाकडे करून उभी राहिले आणि शब्द म्हणायला सुरुवात केली. पाणी. कपाट. दार. सात. तू काहीच बोलला नाहीस. सगळे शब्द संपले. मग तू जोरात म्हणालास, ‘अगं, सुरू कर की.’

लोक हसले, ते तू वळून बघितलंस. पण मला हसता आलं नाही. तोपर्यंत मला तुझं पत्रात वाचून माहीत होतं. डोळ्यांनी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तू पुन्हा भिंतीकडे तोंड केलंस आणि मी, शब्द उरले नव्हते म्हणून, जे फोनवर विचारलं होतं तेच पुन्हा विचारलं. अगदी हळू. ‘मामा, मला इथे एकटीला राहवत नाही. रोज रडते. मला घरी यायचंय. येऊ का?’

हेच विचारलं होतं रे त्या दिवशी. आणि तू छान, छान म्हणाला होतास. मला वाटलं मामाला मी नकोय. तेवढ्याच जिद्दीने मी इथे राहिले.

शिंकोबा माझ्यापासून दोन पावलांवर उभा होता. त्याचे कान शाबूत आहेत, पण त्यालाही कळलं नाही मी काय म्हणाले. पलीकडच्या ओळीतल्या बायकांनी मात्र डोळे पुसले. एकीने शेजारणीचा हात धरला. म्हातारे माना खाली घालून बसले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. एवढ्या लांब कुजबुज पोचत नाही. तरी सगळ्यांना कळलं होतं. एकमेकांपासून इतकी वर्षं लपवलेलं सगळ्यांचं एकदम उघडं पडलं. सगळ्यांच्या माना मुकादमाकडे वळल्या, आणि मुकादमही बाहीने डोळे पुसत होता.

तो उठून बाहेर गेला तेव्हा मला वाटलं, संपलं आता. थोड्या वेळाने तो परत आला आणि तुझा खांदा हलवून तुला उठवलं. तुला वाटलं तो भांडायला आलाय, म्हणून तू बाह्या सरसावल्यास. त्याला फक्त खुर्ची हवी होती.

त्याच्यानंतर रांग लागली ती तू पाहिलीसच. कानाची खोली आता वस्तीतल्या शाळेत येणार, बाजारपेठेला आठवड्यातला एक दिवस. मुकादमाने कुणाला घरी बसवणार नाही असं तोंडाने कबूल केलंय, कागदावर करून घ्यायचं बाईंनी मनावर घेतलंय. मागांचा आवाज आहे तसाच आहे. काकूंना घरी सोडलं. दारात खाट टाकून पडून असतात, तोंड गल्लीकडे. मी गेले की जागा करून देतात. मी समोरच बसते. पण आता आधी त्यांचा हात हलवते, मग बोलते.

त्यांना ते यंत्र मिळेल, पण कांड्या मिळणार नाहीत. ते माझ्यामुळे झालं नाही असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही.

तुझं यंत्र आठवड्याभरात पोचेल. मुकाट्याने लाव.

भिंगरी


२० ऑक्टोबर

भिंगरी,

यंत्र आलं. लावलं आणि पट्टा सुरू केला, तर डोक्यात कुणी घण घालतंय असं झालं. लगेच काढून डबीत ठेवलं. गिरणीत लावत नाही, गिरणी बंद केली की लावतो. माझ्या चपला एवढ्या वाजतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इस्त्रीवाला दिवसभर कुरकुर करतो हेही आता कळतंय. आधी बरा वाटायचा.

आरसा काढला नाही. नटायला ठेवलाय.

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. त्यानंतर गिरणी उघडली नाही, लोक दार वाजवून गेले. तू इकडे येऊ का म्हणून विचारत होतीस आणि मी छान म्हणालो. तू मला नकोशी आहेस असं मनात धरून एवढे महिने राहिलीस, आणि तरी पत्रात विचारायचीस, जेवतोस ना. मला हे कसं सोसायचं ते कळत नाही गं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी पत्रात देणार नाही. इस्त्रीवाल्याकडून फोन पुन्हा सुरू करून घेतलाय, आवाज वाढवून ठेवलाय. रविवारी गिरणी बंद असते. फोन कर आणि तेच पुन्हा विचार, जसं विचारलं होतंस तसंच. कदाचित मी नाहीच म्हणेन, शिक म्हणेन, तिथल्या लोकांना तुझी गरज आहे म्हणेन. पण नाही म्हणायचं असलं तरी ऐकून म्हणेन.

मामा


२६ ऑक्टोबर

मामा,

रविवारी सकाळी करते. चपला काढून बस.

बाकी फोनवर.

भिंगरी